पिशवीतला नारळ

भाट्याच्या समुद्रात नारळी पौर्णिमेचे नारळ पडू लागले की मला जर्मनीतलं एक छोटं गाव आठवतं. मागे पाइनच्या जंगलाचे डोंगर, गावात गरम पाण्याची कुंडं. तिकडे नोकरीला असताना आईला दुखऱ्या गुडघ्यांसाठी मी तिथे नेलं होतं. तिच्या पिशवीत नारळ दिसला. तो फोडून, वाटण लावून मी कालवण केलं.

ती जेवली. मग म्हणाली, "हा खालचा ओढा दर्याला मिळतो काय गो?"

"मिळत असेल. का?"

"काय नाय. आज पुनव. तुझ्या दादाची होडी निघेल."

नंतर खिडकीतून पाहिलं, तर ती रिकामी करवंटी पाण्यात सोडून हात जोडून उभी होती.

दादा सुखरूप परतला. तरी दरवर्षी मी इथे दोन नारळ सोडते. त्यातला एक त्या ओढ्याचा.