तोफेच्या उजव्या बाजूचा माणूस

नांदगावच्या एका घरात माझ्याविषयी असे सांगितले जाते की, मी ऐन सोयरिकीच्या दिवशी, संग्रहालयातल्या तोफेपाशी, जुन्या सोबत्याला पाहुण्यांदेखत खोटे पाडले. आणि तेही एका लोखंडी बैठकीच्या मालकीसाठी. माझ्या स्वतःच्या घरातली हकीकत याहून सौम्य आहे. तीत मी केवळ हट्टी ठरतो. दोन्ही हकीकती चुकीच्या आहेत. मी तिथे हजर होतो आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, म्हणून जे झाले ते लिहून ठेवीत आहे.

तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर मी नाशिकरोडला घर बांधले. छावणीत तोफखान्याचे एक छोटे संग्रहालय होते. त्याला तिकीट नव्हते. फाटकावर नाव सांगायचे, पिशवी ठेवायची आणि आत जायचे. फुकट असले की लोक झुंबड करतात असे म्हणतात, पण मी उलट पाहिले आहे. तिकीट नाही म्हटल्यावर माणसाला संशय येतो की आत पाहण्यासारखे काही नसावे. माझ्याकडे येणारे पाहुणे पंचवटी आणि त्र्यंबक आटोपून आले की उरलेल्या वेळात मी त्यांना तिथे नेत असे, आणि ते माझ्या भिडेखातर येत. प्रत्येक तोफेला ते वर्तमानपत्रांत गाजलेल्या त्या एकाच परदेशी तोफेचे नाव देत. मी दुरुस्त करीत असे. पुढच्या तोफेपाशी ते पुन्हा तेच नाव घेत.

नोकरीत आणि नंतरही मी अनेक छावण्यांतली अशी बिनतिकिटाची संग्रहालये पाहिली आहेत. त्या सर्वांविरुद्ध माझी एकच तक्रार आहे. तिथे तोफा फार रंगवतात. लढाईत नळीवरचा रंग भाजून पापुद्रे धरतो आणि तोफ एखाद्या जुन्या तव्यासारखी दिसू लागते. रंगवलेली तोफ पाहून माणसाला वाटते की ही स्वच्छ कामाची वस्तू आहे. असे मी एकदा नाशिकरोडच्या संग्रहालयातल्या अधिकाऱ्याला सांगितले. तो नम्रपणे म्हणाला, "गंज चढतो, साहेब." उत्तर बरोबर होते, परंतु माझ्या मुद्द्याचे ते उत्तर नव्हते.

तिथे एक पंचवीस पौंडी तोफ होती. एकाहत्तरच्या लढाईत मी याच जातीच्या तोफेवर होतो. एका तोफेवर सहा जण असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. नंबर एक हुकूम देतो. नंबर तीन डाव्या बाजूच्या लोखंडी बैठकीवर बसून नेम धरतो आणि तोफ डागतो. त्याला लेअर म्हणतात. नंबर दोन उजवीकडे उभा राहून तोफेचे मागचे दार उघडतो, गोळा आत सारतो आणि दार लावतो. लेअर मी होतो. नंबर दोन होता माझा सोबती, नांदगावचा. नोकरीनंतरही आम्ही एकमेकांना नंबरानेच हाक मारत असू. मी डावीकडे बसल्यामुळे माझा उजवा कान गेला, तो उजवीकडे उभा राहिल्यामुळे त्याचा डावा. त्यामुळे तोफेवरच्या क्रमाने शेजारी बसलो तर आम्हाला एकमेकांचे काही ऐकू येत नसे. गप्पांसाठी आम्ही नेहमी बाजू बदलून बसायचो. बायको म्हणायची, "बसायच्या आधी दोघांची कवायत होते."

कारगिलची लढाई होऊन गेल्यावर संग्रहालयात माणसे वाढली आणि फौजी माणसाला लग्नाच्या बाजारात भाव आला. त्याच सुमारास सोबत्याच्या नातीसाठी नामपूरचे स्थळ आले. मुलगा तोफखान्यातच होता आणि त्या दिवसांत काही महिन्यांच्या शिक्षणासाठी नाशिकच्या छावणीत होता. त्याचे वडील नामपूरच्या बाजारात कांद्याचे व्यापारी. मुलीचा बाप वारलेला, त्यामुळे सगळी जबाबदारी आजोबावर होती. आधीची दोन स्थळे काही कारण न सांगता परतली होती. सोबती हे मला बोलला नव्हता. त्याची सून माझ्या बायकोला बोलली होती. मुलगी पाहून झाली होती, पसंतही होती. आता सोयरीक पक्की करण्यासाठी दोन्ही घरांची बैठक करायची, आणि ती दोन्ही गावांना सोयीची म्हणून माझ्या घरी ठरली. एवढ्यावरून कळेल की ती सोयरीक मोडावी असे मला वाटण्याचे काही कारण नव्हते.

त्या दिवशी माझ्या घरी जेवताना व्यापाऱ्यांनी विषय काढला. त्यांची बोली अहिराणी, माणूस मोकळा.

"दाजी, तुम्ही बी तोफवर व्हतात म्हने. तठे काय काम करेत?"

सोबत्याने घास गिळला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी लेअर व्हतो. नेम धरायचा आन् डागायची."

मी भात कालवीत होतो. त्या सकाळी तो आल्यापासून मला एकदाही "तीन" म्हणाला नव्हता, "भाऊ, भाऊ" करीत होता, त्याचा उलगडा मला तिथे झाला. तरी मी गप्प राहिलो. मी गप्प राहिलो ही गोष्ट नांदगावकर सांगत नाहीत. बायको वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या ताटात न मागता वरण घातले. बोलू नका, असा त्याचा अर्थ.

"आन् बाकीना?" व्यापाऱ्यांनी विचारले.

"बाकीचे काय," सोबती म्हणाला, "हमाल. गोळा उचला, दार उघडा, दार लावा. तोफ लेअरची असती."

नामपूरचा मुलगा त्याच्या समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली आणि पोळीचा तुकडा बराच वेळ भाजीत फिरवला. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. माझे लक्ष दुसरीकडे होते. या माणसाने त्या लढाईत जे दार उघडले आणि लावले, त्याला तो स्वतः हमाली म्हणत होता. माझी बैठक त्याने घेतली याचा राग मला आला नव्हता असे मी म्हणत नाही. परंतु जेवण संपेपर्यंत तो राग मागे पडला होता आणि दुसरा राग पुढे आला होता. हा फरक आजवर कोणी लक्षात घेतलेला नाही.

जेवणानंतर व्यापारी म्हणाले, "चाला, ती तोफ तं दखाडा. पैसा लागतीन का?"

"फुकट आहे," मी म्हणालो.

"मंग दोनदा देखसूत."

बायका घरी राहिल्या. आम्ही चौघे रिक्षाने गेलो. फाटकावर मुलाने ओळखपत्र दाखवले. आत फारसे कोणी नव्हते. पंचवीस पौंडीला नुकताच नवा रंग दिलेला होता. व्यापाऱ्यांनी तिच्याभोवती बैल बघावा तशी एक फेरी मारली, चाकाला हात लावला, नळीत डोकावून पाहिले.

"मंग आते तुम्ही दोन्ही तुमनी तुमनी जागावर हुभा ऱ्हा," ते म्हणाले, "देखू द्या आमले."

इथे जे घडले ते कोणी ठरवून केले नाही. वर्षानुवर्षे 'तोफेवर' असा हुकूम ऐकून ज्या पायांना वळण लागलेले असते ते पाय विचारायला थांबत नाहीत. मी डावीकडे गेलो. तो उजवीकडे गेला. त्याचा हात दाराच्या दांड्यावर जाऊन बसला, आणि मग त्याने खाली पाहिले. त्याच्या हाताशी दांडा होता. नेम धरण्याची चाके आणि बैठक माझ्या बाजूला होती.

मुलगा उभ्या जागीच ताठ झाला. त्याला कळले होते. व्यापाऱ्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"दाजी, बठानी जागा तं तिकडे शे ना?"

सोबत्याने दांड्यावरचा हात काढला नाही.

नांदगावकरांच्या म्हणण्याप्रमाणे मी या क्षणी ओरडलो, "ती जागा माझी आहे." मी ओरडलो हे खरे, एक कान नसलेला माणूस साधे बोलला तरी ओरडतो. परंतु ते वाक्य मी उच्चारलेले नाही. मी जे म्हणालो ते असे: "लेअर मी होतो. आणि जेवताना ज्याला हमाल म्हटले गेले, तो हा होता. माझा नेम कितीही बरोबर असला तरी याने दार लावल्याशिवाय माझ्या तोफेतून गोळा सुटला नसता. याला पुन्हा हमाल म्हणायचे असेल तर त्याने स्वतः म्हणू नये; दुसऱ्या कोणी म्हणावे, म्हणजे मला त्याच्याशी भांडता येईल."

हे बोलणे लांब होते आणि कदाचित अस्थानी होते. त्याने सोबती खोटा ठरला, हेही मी नाकारत नाही. तो खोटाच बोलला होता. मी फक्त एवढेच सांगतो की, मी बैठकीसाठी भांडलो नाही.

पलीकडे एक कुटुंब दुसऱ्या एका तोफेला तेच गाजलेले परदेशी नाव देत होते, आणि मी त्यांना दुरुस्त केले नाही. सोबत्याचा चेहरा मी बाजूने पाहिला. नातीची सोयरीक त्याच्या हातून गेली असे तो धरून चालला होता. कांद्याच्या बाजारात एका गोणीत वर चांगला आणि खाली सडका माल निघाला की व्यापारी सगळी गाडी परत लावतो, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही.

मग मुलगा पुढे आला. तो वडिलांना म्हणाला, "आबा, मी पण दारच लावतो."

"काय?"

"आमच्या तोफेवर. हे काका जिथे उभे आहेत तिथेच मी असतो."

व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग सोबत्याकडे, मग पुन्हा मुलाकडे. "तू तं आमले सांगेल व्हतं, तोफ मीच डागस म्हनीसन. बठ्ठा नामपूरले मी तेच सांगी ऱ्हायनू."

मुलगा बुटांकडे पाहत म्हणाला, "तुम्हीच विचारलं होतं, डागतो कोण. दार लावतो म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दार लावायला फौजेत कशाला गेला, वखारीचं लावायचं."

"म्हनतूच," व्यापारी म्हणाले. नंतर त्यांच्या पोटातून हसू वर आले आणि त्यांना तोफेच्या चाकाचा आधार घ्यावा लागला. "एक सासरा दार लावनारा, एक जावई दार लावनारा. आन् दोन्ही लबाड. पोरगीले चोरनी भीती नही आते." मग ते सोबत्याच्या उजव्या बाजूला गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चाला याही, चहा पिऊत." त्यांच्या बोलीत व्याह्याला याही म्हणतात. तोवर ते त्याला दाजी म्हणत होते. सोबत्याने दांडा सोडला तो तेव्हा.

म्हणजे सोयरीक तिथे मोडली नाही, तिथेच पक्की झाली. नांदगावकर हा भाग सांगत नाहीत, कारण त्यात मुलाचेही खोटे निघते आणि जावयाची लाज झाकावी लागते. ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी माझा स्वभाव खर्ची घालण्याचे कारण नव्हते. सोबती त्या दिवशी स्टेशनवर माझ्याशी बोलला नाही. पुढे लग्नाचे आमंत्रण आले ते पोस्टाने आले, माणूस आला नाही. बायको म्हणाली, "जायचं." मी म्हणालो, "जाणारच होतो."

लग्न नांदगावला झाले. उन्हाळा होता, मांडवात बसवत नव्हते. सोबती फेटा बांधून इकडून तिकडे करीत होता. नामपूरकडची मंडळी जेवायला बसली तेव्हा तो त्यांच्या पंगतीशी उभा राहून आग्रह करू लागला. व्यापाऱ्यांनी त्याला सगळ्यांसमोर विचारले, "याही, सांगा ना, ती लढाईमा तुमनं काम काय व्हतं?"

सोबत्याने पंगतीकडे पाहिले, मग माझ्याकडे बोट केले. "दार लावायचं. गोळा माझ्या हातानं जायाचा, दार माझ्या हातानं लागायचं. लय काम. अन् हे जे बसलेत ना पाव्हणं, हे तिथं बी असंच बसलेले व्हते. खुर्चीवर. सारी लढाई यांनी बसून काढली."

पंगत हसली. नवरदेवही हसला, उघड हसला. व्यापाऱ्यांनी माझ्या पानात स्वतः जिलबी वाढली.

हेही चुकीचे आहे. लेअर नुसता बसत नाही. त्याचे दोन्ही हात चाकांवर असतात, डोळा दुर्बिणीला असतो, आणि प्रत्येक गोळ्याला बैठकीचा धक्का त्याच्या कण्यातून वर जातो. माझ्या पाठीचे दोन मणके त्याचे साक्षीदार आहेत. हे सगळे माझ्या जिभेवर आले होते. पण तो पंगतीच्या टोकाला उभा होता, मोठ्याने बोलत होता, आणि दार लावणाऱ्याची बाजू मांडत होता. मी जिलबी खाल्ली.