पिच्चरसारखं

बऱ्हाणपुरात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. व्हिडिओ नुकताच डिजिटल झाला होता आणि जो तो काउंटरवर येऊन एकच म्हणायचा, "भैया, पिच्चर जैसा दिखना चाहिए." नवरदेव खकनारसारख्या खेड्यातला, वरात ट्रॅक्टरवर, आणि दिसायला हवं पिच्चरसारखं! माझं डोकं फिरायचं, पण गिऱ्हाइकाला काय बोलणार?

यात सगळ्यांच्या पुढे माझे वडील. बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मी स्वतः केलं, तर ते पाहून म्हणाले, "हे काय, पंचनाम्यासारखं दिसते. पिच्चरसारखं कर ना कधी." शाळामास्तर होते. चूक काढल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

वडील गेले आणि नंतर काही महिन्यांनी एक सॉफ्टवेअर माझ्या हाती आलं. एडिटिंगच्या प्रोग्रॅमला जोडलं की व्हिडिओवर फिल्मची कळा चढायची. भडकपणा उतरायचा, सावल्या गडद व्हायच्या, चित्रावर फिल्मवर असतात तसे बारीक दाणे यायचे. पहिलं काम मी बहिणीच्या लग्नाचंच घेतलं. आई-वडील शेजारी शेजारी बसलेत असं चित्रण आमच्याकडे तेवढंच होतं, कन्यादानाचं. आई सारखी विचारायची, "आमी दोघं दिसतो ते कधी दाखवशील रे?"

वर्षश्राद्धाची माणसं जेवून गेली, तेव्हा तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. वडील खरंच नटासारखे दिसत होते. मला भरून आलं. आता काढा चूक, असं मनातल्या मनात त्यांना म्हणालो. आईकडे पाहिलं, तर ती वाकून पडद्यावरचं स्वतःचं कपाळ बोटानं चाचपत होती.

"माझं कुंकू कुठं गेलं?"

मी समजवायला लागलो, की या फिल्मच्या रंगात लाल जरा दबतो, सगळ्यांचाच दबतो.

"पण हे तर बसेल आहेत ना बाजूले," आई म्हणाली. "तेव्हा तर होतं मले. इथं बी पुसलं का रे?"

मी सॉफ्टवेअरच्या नावापुढची टिकची खूण काढून ते बंद केलं. लगेच तो जुना भडक व्हिडिओ परत आला. मांडवाचा गुलाबी झगझगाट, बहिणीच्या हातांवरची हळद, आणि आईच्या कपाळावर मोठं, लालभडक कुंकू. शेजारी वडील, घामानं निथळलेले, टोपी तिरकी. पुन्हा अगदी पंचनाम्यासारखे.

आई बघत राहिली आणि रडत राहिली. मीही रडलो. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले.

"असंच राहू दे," ती म्हणाली. "त्यायले नाही पसंत येणार, पण राहू दे."