तक्त्यातल्या दोन ओळी

पुण्याच्या छापखान्यातून प्रुफांचं भेंडोळं एसटीच्या पार्सलाने महाडला येई, तेव्हा त्याला रॉकेल आणि कच्च्या शाईचा मिळून एक वास असे. गाडी घाटातल्या धुक्यातून भिजत आलेली असली, तर त्यात ओल्या गोणपाटाचाही वास मिसळलेला असे. दोरी सोडून ते कागद मी ओसरीवरच्या बाकावर पसरत असे, कोपऱ्यांवर नदीतले चार गुळगुळीत गोटे ठेवत असे आणि कागद पुरते सुकेपर्यंत त्यांच्याकडे न बघता स्वयंपाकघरातली कामं उरकत असे. ओल्या कागदावर पेनाची शाई फुटते, आणि फुटलेली खूण छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला भलतंच काही सांगते, म्हणून हा नियम मी स्वतःच घालून घेतला होता.

कपाटातली सगळी पुस्तकं आजीने खरंच वाचली आहेत का, असं तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलं होतं. वरच्या फळीवर इतिहास, त्याखाली लोकसाहित्य, मग गणित, शिक्षणशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि सर्वांत खाली वैद्यक. हो, वाचली आहेत, अक्षर न् अक्षर. पण त्यातली बहुतेक मी कानाने वाचली, आणि त्यांचा अर्थ मला कितपत लागला हे विचाराल तर उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल.

त्या काळात कॉलेजातले विषय मराठीतून शिकवायचं वारं होतं, आणि ज्या शास्त्रांसाठी तोवर मराठीत धड शब्द नव्हते त्यांचीही जाडजूड पुस्तकं निघू लागली होती. माझं शिक्षण मुंबईत इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे मूळ इंग्रजी संज्ञा मला ठाऊक असत, आणि शुद्धलेखन पक्कं होतं. एवढ्या दोन गुणांवर मला मुद्रितशोधनाचं काम मिळालं. तुमचे आजोबा हायस्कुलात गणित शिकवत. शाळा सुटली की चहा घेऊन ते बाकाच्या एका टोकाला बसत आणि लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचत. दुसऱ्या टोकाला बसून मी प्रुफावर बोट फिरवत तपासत असे. ही वाचायची रीत ऐकणाऱ्याला वेडगळ वाटली असती, कारण ते विरामचिन्हंही वाचत. ‘देवराईतील वृक्ष, स्वल्पविराम, विशेषतः बेहडा व हिरडा, स्वल्पविराम, तोडू नयेत अशी श्रद्धा आहे, पूर्णविराम.’ समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी म्हणे, “मास्तरांच्या घरात नवराबायकोचं भांडणसुद्धा पूर्णविराम घालून होतं.” आम्ही फारसे भांडलोही नाही, आणि फारसे बोललोही नाही. पश्चिमेचं ऊन ओसरीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली उतरेपर्यंत आमच्यात जे काही बोलणं होई ते किल्ल्यांच्या सनदांचं, अनंत श्रेणींचं, पानांच्या शिरांचं आणि यकृताच्या विकारांचं असे. वीस वर्षं असं चाललं. वाचन बंद पडे ते फक्त मार्चमध्ये, चवदार तळ्यावर आपली माणसं गावोगावहून येत तेव्हा. दोन दिवस घरात पाहुण्यांमुळे पाय ठेवायला जागा नसे आणि प्रुफं माळ्यावर जात.

तक्ते वाचण्याबद्दल त्यांचा एक कडक आग्रह होता. तक्ता आडवा वाचायचा. डावीकडचा शब्द, मग त्याच्यासमोरचा उजवीकडचा, मग खालची ओळ. उभे रकाने वाचणं त्यांना खपत नसे.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात झाडांची स्थानिक नावं यायची होती, तेव्हा ते प्रुफं पिशवीत घालून एका रविवारी डोंगरावरच्या कुडपण गावाला चढून गेले आणि भागीरथी नावाच्या बाईला घेऊन पठारभर हिंडले. नऊ नावं चुकीची निघाली. भागीरथी चौथीपर्यंत शिकलेली, चाळिशीची, गुरं राखणारी आणि जिभेने तिखट. पुढे सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमले तेव्हा कुडपणची आरोग्यरक्षक तीच झाली. तापाच्या गोळ्यांचा डबा न्यायला ती पोलादपूरला उतरे आणि महिन्या-दोन महिन्यांनी महाडपर्यंत येऊन आमच्या ओसरीवर टेके.

आजोबा गेले ते आषाढात, वर्गात फळ्यासमोर. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तुमची आई आठ दिवस राहून परत गेली, आणि त्यानंतर तीन दिवसांनी पार्सल आलं. गावच्या आरोग्यरक्षकांसाठी लिहिलेल्या वैद्यकाच्या पुस्तकाचं ते शेवटचं प्रूफ होतं. मी कागद पसरले, गोटे ठेवले, भात लावला. त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं, असंच लिहावं लागेल. लोक येत, रडत, मी त्यांना पाणी देई. छपाईच्या खिळ्यांना शाई न लावता कागद दाबला तर अक्षरांचे खळगे उमटतात, पण रंग उमटत नाही; माझे दिवस तसे उमटत होते. कामात खंड पडू नये एवढंच मला कळत होतं. वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मी शेवटचं प्रूफ आधीच्या प्रुफाशी एकटीने ताडलं. आधीच्या प्रुफात मी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या आहेत की नाहीत, एवढं पाहिलं. झाल्या होत्या. मी सही करून ते परत पाठवलं.

भाद्रपद संपताना छापलेल्या दोन प्रती आल्या. त्याच आठवड्यात भागीरथी आली, माझ्याजवळ बराच वेळ बसली, आणि निघताना मी त्यातली एक प्रत तिच्या हातात दिली. “मास्तरांचं शेवटचं का?” तिने विचारलं. मी म्हटलं, “नाही, हे मी एकटीने केलंय.” तिने ते पदरात गुंडाळून नेलं.

दुसरी प्रत कपाटात लावण्याआधी माझ्या वहीत तिची नोंद करायची होती. त्या वहीत विषय, पानं, प्रूफ आल्याचा आणि गेल्याचा दिवस असे रकाने होते, आणि शेवटचा रकाना आजोबांनी हट्टाने आखायला लावलेला होता: ‘मोठ्याने वाचलेलं पान’. नवं पुस्तक आलं की त्या दिवशी जी तारीख असेल त्या क्रमांकाचं पान ते मोठ्याने वाचत. पुस्तकाचं बारसं म्हणत त्याला. रकाना रिकामा राहू नये म्हणून मी सत्ताविसावं पान उघडलं. त्यावर हिवतापाच्या गोळ्यांचा तक्ता होता. घरात कुणी नव्हतं. मी बाकावर बसले आणि आडवं वाचलं: ‘एक वर्षाच्या आतील बालक, दोन गोळ्या.’

खालची ओळ बरोबर होती. तिसरी वाचली: ‘पाच ते आठ वर्षे, अर्धी गोळी.’

मी पुन्हा वाचलं. मग जुनी प्रुफं काढली आणि सगळं दिसलं. त्या दोन्ही ठिकाणी एकेक अक्षर तुटकं होतं म्हणून मीच खुणा केल्या होत्या. जुळाऱ्याने दोन्ही ओळींचे खिळे उचलले, तुटकी अक्षरं बदलली, आणि परत बसवताना त्यांची अदलाबदल झाली. शेवटच्या प्रुफात मी तो रकाना उभा तपासला होता. ‘अर्धी गोळी’मधलं अक्षर सुधारलेलं होतं. ‘दोन गोळ्या’मधलंही सुधारलेलं होतं. ती कुणासमोर उभी आहेत हे मी पाहिलंच नाही. दोन गोळ्या मोठ्या मुलाला पेलतात. तान्ह्या बाळाला एवढ्या गोळ्यांनी काय होऊ शकतं, ते त्याच पुस्तकात सत्तर पानं पुढे छापलेलं होतं आणि मी तपासलेलंही होतं.

पोस्टात जाऊन छापखान्याला तार केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पोलादपूर, तिथून एका मालट्रकने पायथा, आणि पुढे चढण. पावसाळा नुकता सरला होता. नाचणीची कणसं भरली होती, उतारावरचं गवत अजून हिरवं पण टोकांना तांबूस झालेलं, आणि त्यातून सोनकीची फुलं इतकी दाट की पायवाट शोधावी लागे. हे सगळं सुंदर आहे हे मला समजत होतं, जसं परक्या विषयाच्या पुस्तकातलं वाक्य व्याकरणाने बरोबर आहे हे समजतं. तापाचे दिवस होते. पायथ्याच्या वाडीत दोन घरांच्या अंगणांत पोरं गोधडी पांघरून उन्हात बसली होती. पुस्तक कुडपणला पोचून पाच दिवस झाले होते. मी दिवस मोजत चढले आणि दर वळणावर थांबून श्वास घेतला, कारण माझं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे होतं.

भागीरथी शेजारणीच्या अंगणात होती. मला पाहून ती उठली, आणि मी काही बोलण्याआधीच तिने ओळखलं.

“दोन गोळ्यांचा बघाया आलाव ना?”

तिने मला ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि शेजारणीच्या सासूकडे बोट दाखवलं. ती म्हातारी मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती, आणि बाळ तिच्या गळ्यातली पोत तोंडात घालत होतं.

“परवा ह्याला ताप होता,” भागीरथी म्हणाली. “मी पुस्तक उघडला, म्हटला मास्तरांच्या घरचा हाय, शिकवणीत डाक्टर साहेबांनी सांगितल्यापेक्षा नवीन आसल. वाचला. दोन गोळ्या हातावर काढल्या.”

“मी इचारला हिला,” म्हातारी मध्येच म्हणाली, “येवढ्याशा तोंडात दोन, आन् थोरल्या नातवाला अर्धी? पुस्तक उलटा धरलास काय गो?” आणि ती दात नसलेल्या तोंडाने इतकी हसली की बाळही हसलं.

“मंग अर्धी दिली. साहेबांनी शिकवलेली.” भागीरथी हसली नाही. “पर बाय, मी दोन काढल्या व्हत्या. हातावर व्हत्या.”

तिने हात पुढे करून तळवा दाखवला. मी त्या बाळाकडे बघत होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते कुठून येतं याची मी वाट पाहिली. मग पिशवीतून लाल पेन काढलं आणि पानावर दोन ओळींची अदलाबदल दाखवणारी नागमोडी खूण केली. भागीरथीने ती खूण निरखून पाहिली.

“आनि बाकीची पानां? ती खरी कशावरनं?”

आम्ही अंगणातच बसलो. मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागले, आणि ती आपल्या शिकवणीच्या वहीशी ताडून मान हलवू लागली. सवयीने माझ्या तोंडून ‘स्वल्पविराम’ गेला. म्हातारीने विचारलं, “ह्या कुठला दवा?” बायका हसल्या. मी वाचत राहिले. आजवर या कामात ऐकणारी मी असे. वाचणाऱ्याच्या घशाला किती कोरड पडते हे मला त्या दिवशी कळलं. दुपारनंतर तिने भाकरी आणि अळूची भाजी वाढली, आणि ऊन पठारावरून घसरू लागलं तेव्हा आम्ही शेवटच्या पानावर आलो. दुसरी कुठलीही चूक सापडली नाही. ती म्हणाली, “आता ठेवते.” मी उतरले.

छापखान्याने उरलेल्या प्रतींवर शुद्धिपत्र चिकटवलं. गेलेल्या प्रती कुठे कुठे गेल्या त्याची यादी मी मागवून घेतली आणि प्रत्येक पत्त्यावर स्वतः कार्ड लिहिलं. साठावर कार्डं झाली. चूक माझी आहे, हेही प्रत्येकात लिहिलं. उत्तरं येत गेली, तशी मी यादीवर खुणा करत गेले. काहींनी आभार मानले, एकाने पुस्तक अजून उघडलंच नसल्याचं प्रामाणिकपणे कळवलं. निम्म्याहून अधिक पत्त्यांवरून काहीच आलं नाही. छापखान्याच्या मालकांनी लिहिलं, ‘बाई, कुणी तक्रार केली नाही, म्हणजे काही झालेलं नाही. मनाला लावून घेऊ नका.’ ते भले गृहस्थ होते. पण ज्या घरात असं काही घडतं, त्या घरातून मुद्रितशोधकाला तक्रार येत नाही. मुद्रितशोधक नावाचं माणूस असतं, हेच त्यांना ठाऊक नसतं.

पौषात एक कार्ड आलं, दूरच्या एका तालुक्यातून, शिसपेन्सिलीने लिहिलेलं. ‘आपले पत्र मिळाले. पुस्तक दुरुस्त करून घेतले. कळविण्यास उशीर झाला, कारण गावात तापाची साथ होती.’ खाली सही, आणि सही बाईची होती.

ते मी आधी मनात वाचलं, मग बाकावर बसून मोठ्याने वाचलं, विरामांसकट. शुद्धलेखन निर्दोष होतं. साथ आधी आली की माझं कार्ड आधी पोचलं, एवढं एकच त्यात नव्हतं. आषाढापासून पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. ती भीती होती. तिच्यामागोमाग दुसरंही पुष्कळ आलं, ते तुमच्या आजोबांचं होतं, आणि ते संध्याकाळभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी उलट कार्ड लिहिलं. दोनच ओळी: दुरुस्तीआधी त्या तक्त्याप्रमाणे कुणा बाळाला गोळ्या दिल्या गेल्या होत्या का, कृपया कळवावे. पत्ता घातला, तिकीट पाहिलं, पोस्टापर्यंत गेले. पेटीच्या तोंडाशी हात नेला आणि तसाच मागे घेतला. त्या बाईच्या हातावर दोन गोळ्या आल्या असतील, आणि तिच्या अंगणात हसून विचारणारी म्हातारी नसेल, तर माझं कार्ड तिला काय सांगणार होतं? की मी स्वतःलाच विचारत होते, आणि उत्तराला घाबरत होते? हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

मी ते कार्ड घरी आणलं. अजून ते माझ्याकडे आहे, आणि पत्ता अजून वाचता येतो.