पुसेगावच्या रस्त्यावरची रोही

यजमान गेल्यापासून मी सकाळी एकटीच फिरायला जाते. पुसेगावच्या शेवटच्या घरापुढं डांबरी रस्ता हरभऱ्याच्या शेतांमधून निघतो. थंडीत तिथं नीलगाईंचा कळप असतो. आमच्याकडं त्यांना रोही म्हणतात. मी दिसले की माना वर करायच्या, बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या.

वाटेतलं एक शेत तांड्यावरच्या अक्काचं. माझ्याच वयाची. रोही तिचा हरभरा तुडवायच्या, म्हणून ती शेतावरच झोपायची. "मरत बी न्हाईत मेल्या," म्हणायची.

मागच्या पौषात एका सकाळी ती भर रस्त्यात बसलेली दिसली. पुढ्यात एक रोही आडवी पडलेली. मागचे पाय मोडलेले, पोट धपापत होतं.

"पिकअपनं उडवलं. थांबला बी न्हाई," अक्का म्हणाली.

मी वन विभागाला फोन लावला. माणसं निघाली, पण यायची होती लांबून. मी बाभळीची एक फांदी ओढून रस्त्यात आडवी टाकली. अक्का पदर भिजवून रोहीच्या तोंडात पाणी पिळत होती.

"अक्का, हिनंच खाल्लं ना तुमचं पीक?"

"खाल्लं की. पर जीव जाताना कोनाला एकटं सोडू न्हाई, माय."

मी तिच्या शेजारी बसले. रोहीच्या मानेवर हात ठेवला. केस राठ होते, पण आतलं अंग ऊन लागत होतं. श्वास लांबत लांबत गेला. एकदा तिनं कान हलवला, मग तेही थांबलं. अक्कानं हातानं तिचा डोळा मिटायचा प्रयत्न केला. तो मिटला नाही.

वन विभागाची माणसं आली, पंचनामा करून तिला घेऊन गेली. माझे पाय घराकडं वळेनात. अक्कानं मला शेतावर नेलं, तीन दगडांच्या चुलीवर कोरा चहा ठेवला.

यजमानांनी नांदेडच्या दवाखान्यात जीव सोडला, तेव्हा मी काचेच्या दाराबाहेर बाकावर बसले होते. आत सोडत नव्हते. नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. हे मी लेकरांपाशीही कधी बोलले नव्हते. त्या सकाळी अक्काला सांगितलं.

तिनं चुलीत आणखी दोन तुराट्या सारल्या आणि माझा हात आपल्या हातात घेऊन बसली.