खालच्या खणातलं निर्माल्य

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या डीप फ्रीजरमध्ये शाली ठेवतात हे कळलं, की नवा माणूस हमखास हसतो. मी एका वस्तुसंग्रहालयाच्या कापड विभागात आहे आणि माझं काम म्हणजे किडे पकडणं. लोकरी कापडाला कसर लागली, की ते हवाबंद पिशवीत घालायचं आणि पंधरा दिवस गोठवायचं. अळ्या, अंडी, सगळा वंश थंडीनं संपतो. शिवाय भांडाराच्या कोपऱ्याकोपऱ्यात मी चिकट कागदाचे सापळे लावते, दर महिन्याला भिंग घेऊन त्यांत कोण अडकलंय ते बघते आणि नकाशावर तेवढी टिंबं काढते. लग्नाआधी पुण्यात मी झुरळ पाहून पलंगावर चढायचे. आता दिल्लीत, द्वारकेहून तासभर मेट्रोनं झुरळांची हजेरी घ्यायला जाते.

या कामाला तापट माणूस लागतो, आणि त्या बाबतीत ऑफिसला माझ्याविषयी कधीच तक्रार नव्हती. भांडारात डबा नाही, चहा नाही, फुलं तर अजिबात नाहीत. लोकर खाणारी केसाळ अळी मोठी झाली की तिचा तिळाएवढा भुंगेरा होतो, आणि त्याला फुलांतले पराग फार आवडतात. फुलांत बसून तो ऐटीत आत येतो आणि अंडी मात्र लोकरीत घालतो. 'फूल लाना मना है' ही पाटी मी स्वतः रंगवून घेतली होती. साहेबांच्या वाढदिवसाचा गुच्छही मी दारातून परत पाठवला, त्याची चर्चा कँटीनमध्ये आठवडाभर चालली.

भांडाराच्या दाराशी ताऊजी बसायचे. फरीदाबादहून येणारे, साठीला टेकलेले अटेंडंट. सगळं ऑफिस त्यांना ताऊजीच म्हणायचं. किल्ल्या त्यांच्याकडे असत, आणि कोणती शाल कुठल्या कपाटात आहे हे मी रजिस्टर उघडण्याआधी ते सांगून मोकळे होत. फेब्रुवारीअखेर ते निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत आपल्या नावावर एकही शेरा पडलेला नाही, हे ते चहा पिताना कुणालाही सांगायचे, आणि मग सांगताना जरा ताठ बसायचे. भांडारात हीटर चालत नाही, म्हणून थंडीत गुडघ्यांवर एक करडं ब्लँकेट घेत.

जानेवारीत मी दाराजवळचा पहिला सापळा उचलला आणि त्यात दोन केसाळ अळ्या दिसल्या. धावत जाऊन कपाट उघडलं, तर आमच्या सगळ्यांत जुन्या काश्मिरी शालीच्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढं भोक. माझं डोकंच फिरलं. वळून बघते तर समोर ते ब्लँकेट. जुनं, लोकरीचं, रोज घरून येणारं. बाकीचे सापळे मी उघडलेच नाहीत.

"ताऊजी, यह कंबल कब से ला रहे हैं?"

"हर जाड़े में, मैडम. घुटने दुखते हैं."

"आपके कंबल ने शाल खा ली!" मी ओरडलेच.

ते उठून उभे राहिले, ब्लँकेटची चारी टोकं जुळवून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी ते शालीबरोबर फ्रीजरमध्ये टाकलं आणि त्याच दुपारी साहेबांना टिपण लिहिलं: किडीचा उगम, अटेंडंटचं स्वतःचं ब्लँकेट. टिपणाची प्रत ताऊजींच्या फाइलला लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी लिहिलं. रागात माझं अक्षर फार सुंदर येतं.

त्यानंतर ताऊजी हात काखेत घालून बसू लागले. मधूनच गुडघे चोळायचे आणि मी दिसले की चोळणं थांबवायचे. मीही तिथून जाताना फोनमध्ये बघत जायचे.

पंधरा दिवसांनी ब्लँकेट बाहेर काढलं आणि भिंगाखाली वीत वीत तपासलं. एक भोक नाही, अळीची एक कात नाही. नुसता कडुनिंबाच्या पाल्याचा वास. हे ब्लँकेट कुणीतरी वर्षानुवर्षं ऊन दाखवून, पाला घालून जपलेलं होतं. पहिल्या दिवशी जे करायला हवं होतं ते तेव्हा केलं, उरलेले सगळे सापळे गोळा केले आणि नकाशा भरला. ताऊजींच्या खुर्चीपाशी दोनच टिंबं होती. ती दाट होत गेली भांडाराच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्या टोकाला माझं टेबल आहे.

मी खालचा खण उघडला. आत लोकरी कापडाचे नमुने होते, त्यांवर एक कागदी पिशवी, पिशवीत झेंडूची वाळलेली माळ. तिच्यातून एक केसाळ अळी अगदी सावकाश बाहेर येत होती.

खंडेनवमी! आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, आणि माझं हत्यार म्हणजे सूक्ष्मदर्शक. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी त्याला हळदकुंकू वाहिलं, छोटीशी माळ घातली आणि पाच मिनिटांत काढलीसुद्धा. पाच मिनिटांनी काय होतंय, असं वाटलं होतं. पण काढलेली माळ टाकायची कुठे? निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात धजत नाही. संध्याकाळी एखाद्या झाडाखाली ठेवू म्हणून ती पिशवीत घातली, पिशवी खणात सरकवली, आणि मग दिवाळी आली. त्या उघड्या खणासमोर मला आधी खुदकन हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी मुलीला सांगितलं. ती दिल्लीतच वाढलेली.

"आई, निर्माल्य म्हणजे?"

"पूजेची वाहून झालेली फुलं."

"अच्छा. मग सिंपल आहे यार. ताऊजींना सॉरी बोल."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "छोड़िए मैडम, अगले महीने रिटायर हो रहे हैं. उनकी फाइल अब कौन खोलेगा?"

"ताऊजी खोलेंगे, सर," मी म्हटलं.

नवं टिपण लिहिलं: किडीचा उगम माझ्या टेबलाचा खालचा खण, कारण मी आणलेली फुलं, आधीचं टिपण चुकीचं असून ते फाइलमधून काढावं. या वेळी अक्षर कोंबडीच्या पायांचं आलं. साहेबांची सही घेतली आणि भांडाराच्या दाराशी उभं राहून ते ताऊजींना शब्दन् शब्द वाचून दाखवलं. झाडाखाली ठेवायची माळ खणातच कशी राहून गेली तेही सांगितलं. ब्लँकेट परत दिलं. म्हटलं, "माफ कर दीजिए, ताऊजी. गलती मेरी थी."

त्यांनी ब्लँकेट गुडघ्यांवर पसरलं, सारखं केलं. मग विचारलं, "शाल बच गई?"

"बच गई."

"बस, फिर," एवढंच म्हणाले. मला त्यांनी रागवावं असं फार वाटत होतं.

फेब्रुवारीअखेर त्यांचा निरोप समारंभ झाला. तो आत हॉलमध्ये न होता बाहेर हिरवळीवर झाला, कारण हार असणार होता. समोसे, भाषणं, फोटो, सगळं यथासांग. संध्याकाळी ते किल्ल्या द्यायला वर आले, पण माझ्या पाटीपाशी, दाराच्या बाहेरच थांबले. गळ्यातला झेंडूचा हार काढून त्यांनी हातात धरला होता. कोटाच्या बाह्याही झटकून घेतल्या. उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून किल्ल्या मला दिल्या, मग दुसऱ्या हातातला हार पुढे केला.

"मैडम, इसे पेड़ के नीचे रख दीजिएगा," ते म्हणाले. "आज ही."

ते जिना उतरून गेले. मी भांडाराला कुलूप लावलं आणि हार घेऊन खाली आले. गेटजवळच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी तो ठेवला. मान वर केली, तर ताऊजी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघत होते. हार नीट ठेवला गेलाय याची खात्री झाली, तेव्हाच ते मेट्रोकडे वळले.