यशोदानं पाहिलेलं स्टॉकहोम

यशोदा गेल्याची तार तिच्या मुलाला मीच केली. पोस्टातल्या बाबूनं पत्ता वाचून विचारलं, "स्टॉकहोम? हे कुठं आलं, बाई?" मी म्हटलं, "आई मेल्यावर जिथून पोट्टं वेळेवर पोचत नाही, तिथं." तो बिचारा खाली मान घालून शब्द मोजायला लागला. त्याचा काय दोष! पण त्या सकाळी मला जो समोर दिसेल त्याला फाडून खावंसं वाटत होतं. तासाभरापूर्वी यशोदा नळावर पाणी भरता भरता खाली बसली होती. मी समोरच्या घरातून धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... भरलेली बादली मात्र तिनं लवंडू दिली नव्हती.

नागपुरात नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी शाळेत मास्तरीण, ती सरकारी दवाखान्यात आया. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा सहा वर्षांच्या मिलिंदचं बोट धरून ती त्या गर्दीत उभी होती. तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला, पोराला शिकवायचं. दुसऱ्यांची घाण काढली, रात्रपाळ्या केल्या, पण त्याला इंजिनियर केलं. तो थेट स्वीडनला गेला, तिकडचीच बायको केली, मुलगी झाली. यशोदाला फोटो आले. फोटोत तिघं नेहमी बर्फात उभे. ती म्हणायची, "कुसुम, हे लोक बाहेरच राह्यतात काय वं? घरातला फोटो काहून नाई पाठवत?"

मग एका उन्हाळ्यात त्यानं आईला तिकीट पाठवलं. बाप्पा! गल्लीत लग्नघर झालं. तिनं भिवापुरी मिरची आणून तिखट कुटलं, गोडा मसाला केला, वडाभाताचं पीठ दळून घेतलं. वर लाटणंही बांधलं. मी म्हटलं, "अवो, तिकडे लाटणं मिळत नसेल काय?" तर म्हणे, "मिळत असंल. पण त्याच्या घरात माझ्या हातची पोळी माझ्या लाटण्यानंच होईल." तिला राजवाडे-बिजवाडे काही पाहायचे नव्हते. मुलाच्या चुलीपाशी एकदा उभं राहायचं होतं, बस.

परत आली ती पुष्कळ फोटो घेऊन. गल्लीतल्या बाया माझ्या घरी जमल्या आणि यशोदानं स्टॉकहोम सांगायला घेतलं. पाण्याच्या काठावरची लाल विटांची नगरपालिका, तिच्या मनोऱ्यावर सोन्याचे तीन मुकुट, आत सोन्यानं मढवलेला दिवाणखाना. राजाच्या वाड्यापुढं शिपायांचा पहारा बदलतो तो. जुन्या शहरातली गल्ली, इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं व्हावं. तीनशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेलं लाकडी जहाज वर काढून ठेवलंय ते. "पह्यल्याच फेरीत बुडालं म्हणे. बंदरातच. सारे पाहून राह्यले होते," ती म्हणाली. रात्री दहा वाजताचं ऊनही सांगून झालं. एकीनं विचारलं, "पण मुलाचं घर कसं हाये ते सांगा न!" यशोदानं मांडीवरचे फोटो सारखे केले. मग म्हणाली, "लाकडाचं हाये. छपरावर गवत उगवलेलं. आत मोठी चूल, भिंतीतच पलंग केलेला, कोपऱ्यात पाळणा." तीच बाई फिस्सकन हसली, "अवो माय! गवताचं छप्पर? म्हणजे स्वीडनात जाऊनही झोपडीच की!" सगळ्या हसल्या. यशोदाही हसली. मी तिच्याकडे पाहत होते, मला ते हसणं बरोबर वाटलं नाही.

बाया गेल्यावर तिनं पिशवीतून तिखटाचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. डबा बांधला होता तसाच होता, वरचं फडकंही सुटलं नव्हतं. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाली, "ते घर मिलिंदचं नव्हतं, कुसुम. तिकडे जुन्या काळची घरं आणून एका टेकडीवर मांडून ठेवली हायेत, लोकांना पाहाले. दारात दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडूनच पाहा लागते." मुलानं तिला एका बाईच्या पाहुणेघरात खोली घेऊन दिली होती. घर लहान आहे, तुला अवघडल्यासारखं होईल, म्हणाला. रोज सकाळी कॅमेरा घेऊन यायचा, दिवसभर शहर दाखवायचा, संध्याकाळी खोलीवर सोडून जायचा. सून आणि नात एकदा बागेत भेटल्या. नातीनं आजीशी हात मिळवला. हात! यशोदा म्हणाली, "सारं शहर पायलं वं मी. त्याचं दार नाई पायलं." मी त्याला शिव्या घातल्या तर माझ्यावरच चिडली. "माह्या लेकराले काही बोलू नको. त्यानं माह्यासाठी सुट्टी काढली होती."

तर तार मिळाल्यावर हे लेकरू चौथ्या दिवशी आलं. वस्तीनं केव्हाच तिला पोचवलं होतं, बुद्धवंदनाही झाली होती. स्टेशनजवळच्या हॉटेलात सामान ठेवून तो माझ्या दारात उभा राहिला. समोर त्याच्या आईचं कुलूपबंद दार, किल्ली माझ्या कनवटीला. त्याला बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांब बेट्या, तुलाही कळू दे. म्हणाले, "घर काय पाहायचं, मिलिंद? दोन खोल्या. इतक्या वर्षांनी आलास, आधी नागपूर पाहून घे."

दिवसभर मी त्याला ऑटोत घालून फिरवलं. झिरो माईलचा खांब दाखवला, सीताबर्डीचा किल्ला खालून दाखवला, अंबाझरीचा तलाव दाखवला, फुटाळा तलावावर भुट्टा खाऊ घातला. दीक्षाभूमीवर नेलं, म्हटलं इथं तरी याला आईचं बोट आठवेल. दर ठिकाणी मी वाट पाहत होते, आता हा म्हणेल, मावशी, पुरे करा, मला घरी न्या. रडेल, हात जोडेल. मग मी किल्ली काढीन. म्हातारपणी असा दुष्टपणा करायला मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू!

तो फोटो काढत होता. उजेड बघून मला "थोडं इकडं सरका" म्हणत होता.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबली. मीच हरले, मीच किल्ली पुढं केली. "घे बाबा. जा, आत जाऊन ये." त्यानं घड्याळ पाहिलं. "राहू द्या, मावशी. गाडीची वेळ झाली. घराचं काय ते तुम्हीच बघा. पण फार छान फिरवलंत तुम्ही. रामटेक तेवढं राहिलं, नाही?" मग अगदी मायेनं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आईलाही फिरायची अशीच आवड होती. तिकडे आली तेव्हा एक दिवस घरात बसली नाही."

ऑटो गेली. मी कुलूप उघडलं. आतल्या खोलीत खाटेवर नवीकोरी चादर घातलेली, दुकानातल्या घड्या तशाच दिसत होत्या. उशाशी तांब्या-फुलपात्र, भिंतीला पुरुषाच्या मापाचे नवे स्लीपर टेकवलेले. यशोदा खाली चटईवर झोपायची, हे मला ठाऊक होतं. काहून झोपते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

आता रोज सकाळी मी ते घर उघडते, झाडते, फुलपात्र घासून पालथं घालते. कुणी डोकावलं तर म्हणते, बाहेर काहून उभा राह्यला? ये, आत बस.