पडद्यावरचं डाळिंब

छापखान्यात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. गिऱ्हाइकाचा फोटो तिच्या कॉम्प्युटरवर आला की सुरकुत्या, मुरमं, डोळ्यांखालची वर्तुळं अशी काही नाहीशी व्हायची, की फोटो न्यायला आलेला माणूस आधी फोटोकडे बघायचा, मग आरशाकडे, आणि सुस्कारा टाकायचा. "हिच्या हाती दिला तर ही चंद्रसुद्धा पुसून देईल," असं मालक म्हणायचे.

अशी ही हुशार बाई महिनाभर स्वतःच्या घरात चोरासारखी वावरत होती. कारण सासरे, म्हणजे अप्पा, तिच्यावर रागावत नव्हते.

पायाचं हाड मोडून अप्पा इस्पितळात होते, तेव्हा बाल्कनीतलं त्यांचं डाळिंब घरच्यांच्या ताब्यात आलं. उथळ कुंडीतलं हातभर उंचीचं बोन्साय, पण वयानं तिच्या नवऱ्याच्या बरोबरीचं. ती सकाळी कामावर जाताना त्याला पाणी घालायची. नवरा संध्याकाळी आल्यावर घालायचा. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा विसरला असणार. आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा समज काही उगाच झालेला नव्हता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा बिचारा दोन्हीकडे जेवून गेला. अप्पा घरी आले तेव्हा पानं गळाली होती आणि मुळं कुजली होती.

"असू दे," अप्पा म्हणाले. "तुम्ही तरी काय काय बघणार."

त्यानंतर त्यांनी खोली धरली. ताटही आतच मागवू लागले. उभा जन्म बसच्या गॅरेजमध्ये इंजिनं उघडण्यात गेलेला, शेजाऱ्यांचा पंखासुद्धा न सांगता दुरुस्त करून देणारा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडू लागला. डॉक्टरांनी बजावलं, हाड जुळलंय, आता चालले नाहीत तर अंथरूण सुटणार नाही. नवऱ्यानं विनवून पाहिलं, चिडून पाहिलं. अप्पा फक्त "पुरे" म्हणायचे. तिला हे बघवेना. लग्नानंतर "घरचं आम्ही बघतो, तू जा" म्हणून तिला कॉम्प्युटर शिकायला अप्पांनीच पाठवलं होतं. तिच्या लेखी तेच वडील होते.

म्हणून तिनं ठरवलं, कॉम्प्युटरवर त्या झाडाचं चित्र काढायचं. हुबेहूब. ते बघून तरी अप्पा उठून बसतील.

पण झाडाचा धड फोटो कुठे होता? सापडला तो एक, सासूबाई हयात असतानाचा. त्या बाल्कनीत हसत उभ्या, आणि अर्धं झाड त्यांच्या खांद्याआड. दिसत होतं तेवढं तिनं जिवापाड काढलं. खोडाला एक लेयर, फांद्यांना दुसरा, पानं वेगळी. राहिलेल्या अर्ध्या भागाशी आल्यावर तिनं तेच केलं जे लेबलावरच्या वेलबुट्टीचं करायची: काढलेला भाग उचलला, उलटा केला आणि पलीकडे चिकटवला. खोडावर खडबडीत काही दिसलं ते हात फिरवून साफ केलं. वर चार लालबुंद फुलं. झाड असं देखणं झालं की नवराही म्हणाला, "वा!"

रविवारी दुपारी ती लॅपटॉप आणि त्यावर चित्र काढायचं पेन घेऊन अप्पांच्या खोलीत गेली. अप्पांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचं आहे?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अप्पा, आपलंच आहे हो."

"आपलं?" अप्पा कोपरावर उठले. "अगं, ह्याला जन्मात कधी खरचटलेलंही दिसत नाही. आपलं झाड उजवीकडे कललेलं होतं. आण इकडे. उशी दे पाठीला."

तिनं घाईघाईनं उशी दिली. अप्पा टेकून बसले आणि पडद्याला बोट लावून हुकूम सोडू लागले. ही फांदी काढून टाक. ही खाली घे. इथं तारेचा वळ होता, फांदी वळवायला तार गुंडाळून विसरलो होतो मी. एकदा चुकून भलतीच फांदी उडाली, तशी तिनं एक बटण दाबून ती परत आणली. अप्पा चकित झाले.

"कापलेलं परत येतं?"

"इथं येतं."

"बरं आहे बाबा तुमचं." मग त्यांनी बोट खोडाच्या मधोमध ठेवलं. "इथं मोठा घाव हवा. तुझ्या सासूनं केलेला."

तिला हे ठाऊकच नव्हतं. अप्पा सांगू लागले. झाड लहान होतं तेव्हा सगळ्यात चांगल्या फांदीला त्यांनी लाल दोरा बांधला होता, ही कुणी तोडू नये म्हणून. ते ड्युटीवर गेले असताना सासूबाईंनी मदत म्हणून कात्री घेतली. त्या शिवणकाम करणाऱ्या. खूण दिसली की तिथं कापायचं, एवढं त्यांना पक्कं माहीत. बरोबर दोऱ्यापाशी फांदी उडवली आणि नवऱ्याला दाखवायला नीट जपूनही ठेवली.

"काय बोललो होतो मी तिला!" अप्पा म्हणाले. "नंतर कितीतरी दिवस अबोला. ती रोज त्या घावाला हळद लावत बसायची, माणसाला लावावी तशी. शेवटी खालून एक फुटवा आला, आडवा. त्यालाच वाढवलं. म्हणून तर ते कललं."

तिनं पेन उचललं. सासऱ्यांना काही चांगलं द्यावं असं तिला फार वाटलं. "अप्पा, ती दोऱ्याची फांदी कशी होती सांगा. मी लावते परत. झाड तुमच्या मनासारखं होईल."

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचं बोट हवेत त्या फांदीच्या वळणावरून एकदा फिरलं. इतक्या वर्षांनंतरही ते वळण त्यांना पाठ होतं.

"नको," ते म्हणाले. "ती राहिली असती तर झाड फार सुरेख झालं असतं, खरं आहे. पण मग ते माझ्या एकट्याचं असतं गं."

तिनं पडद्यावरचं खोड मोठं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, पुसायच्या ऐवजी, एक व्रण काढायला घेतला. अप्पा वाकून बघत होते. कडा अजून जाड कर, म्हणाले. मध्ये खोल. हां, असं.

फुटव्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी मान हलवली. "इथून मला नीट दिसत नाही. बाहेर टेबलावर ने ते." आणि पाय पलंगावरून खाली सोडून त्यांनी हात पुढे केला. "बघतेस काय? धर मला."